आधी गाव, मग नाव : दगडातल्या पानांची ओळख आणि हौशी संग्राहकांचे ऋण

१/
ओढ्याच्या काठी, शेताच्या बांधावर किंवा खाणीच्या ढिगाऱ्यात पानाचा ठसा असलेला दगड कुणाला तरी सापडतो. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर येते आणि त्याखाली एकच प्रश्न असतो : ‘ही कोणती वनस्पती?’ दगड कुठे मिळाला, हे बहुधा लिहिलेले नसते आणि विचारलेही जात नाही. पुरावनस्पतिशास्त्राचा दोनशे वर्षांचा इतिहास मात्र वेगळाच क्रम शिकवतो. नाव चुकले तर पुढची पिढी ते दुरुस्त करते. गाव हरवले तर दगड कायमचा मुका होतो. हा धागा त्या इतिहासाचा आणि त्यातून निघणाऱ्या एका आग्रहाचा आहे.

२/
प्रथम अडचण समजून घ्यावी लागते. प्राण्याचा सांगाडा कधीकधी अखंड सापडतो. झाड जवळजवळ कधीच अखंड सापडत नाही. पाने दरवर्षी गळतात, फुले वाऱ्यावर जातात, बिया पाण्याबरोबर वाहतात, परागकण कोसभर दूर पडतात आणि खोड शेवटी कुठेतरी गाळात रुतते. कोट्यवधी वर्षांनंतर हाती येते ते एकाच झाडाचे विखुरलेले सामान, तेही वेगवेगळ्या थरांत आणि वेगवेगळ्या रूपांत : कुठे पानाचा नुसता ठसा, कुठे कोळशाची पातळ साय, कुठे सिलिका भरून दगड झालेले लाकूड.

३/
यामुळे या शास्त्राला एक चमत्कारिक रीत स्वीकारावी लागली. पानाला एक नाव, मुळाला दुसरे, खोडाला तिसरे, फळाला चौथे. ही सगळी एकाच झाडाची अंगे आहेत, हे ती परस्परांना जोडलेल्या स्थितीत सापडेपर्यंत खात्रीने म्हणता येत नाही. म्हणून वनस्पती-जीवाश्माचे नाव म्हणजे जन्मदाखला नव्हे. हाती असलेल्या पुराव्यावर केलेले ते एक विधान असते आणि नवा पुरावा आला की ते बदलू शकते. अट एवढीच की, मूळ दगड जपलेला असावा आणि तो कुठल्या थरातून आला याची नोंद असावी.

४/
याचे सर्वांत बोलके उदाहरण ग्लॉसोप्टेरिसचे. १८२८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ अडोल्फ ब्रोंन्यार याने भारत व ऑस्ट्रेलियातून आलेल्या जिभेच्या आकाराच्या पानांना हे नाव दिले. त्याचा अर्थ ‘जिभेसारखे नेचे’. १८३३ मध्ये जॉन फोर्ब्स रॉयल याने मणक्यांच्या माळेसारख्या दिसणाऱ्या एका जीवाश्माला व्हर्टिब्रेरिया म्हटले. पान नेच्याचे नव्हते आणि ती माळ ही स्वतंत्र वनस्पती नव्हती. पण हे उलगडायला शतकाहून अधिक काळ लागला, आणि त्या प्रवासात मोलाचे टप्पे हौशी माणसांनी गाठून दिले.

५/
त्यातला पहिला टप्पा नागपूरचा आहे. १८४० च्या दशकात स्कॉटलंडहून नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे मुख्य काम धर्मप्रसार आणि शाळा चालवणे हे होते. ‘हिस्लॉप कॉलेज’ या नावाने त्यांची स्मृती नागपुरात आजही आहे. ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर, दोघांपैकी कोणीही भूशास्त्रज्ञ नव्हते. पण शहराच्या पश्चिमेस टाकळीच्या टेकाडाजवळ काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या मातीत त्यांना शंख-शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे अवशेष दिसले, आणि त्यांचे फिरणे त्यानंतर पहिल्यासारखे राहिले नाही.

६/
या दोघांचा मोठेपणा त्यांनी किती दगड जमवले यात नाही. कुठला दगड कुठल्या थरातला, हे त्यांनी वेगळे ठेवले यात आहे. टाकळीचे अवशेष लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधल्या तळ्यांतले, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. कामठी परिसरातील वालुकाश्मातली पाने मात्र पर्मियन काळातली, पंचवीस कोटी वर्षांहून जुनी. दोन्ही ठिकाणे नागपूरपासून हाकेच्या अंतरावर. एकाच टोपलीत सगळे दगड भरून त्यावर ‘नागपूर’ एवढेच लिहिले असते, तर दोन वेगळ्या युगांची अरण्ये एकमेकांत मिसळून गेली असती.

७/
नागपूरच्या भूस्तरांवर आणि जीवाश्मांवर हिस्लॉप व हंटर यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. पानांचे नमुने इंग्लंडला गेले आणि चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातल्या एका लांबट, समांतर शिरांच्या पानाला त्यांनी नाव दिले नोगेराथिया हिस्लॉपी. दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८६३ मध्ये, टाकळघाटच्या प्राचीन शिळावर्तुळांच्या स्थळाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले. त्यांचे नाव दगडावर राहिले.

८/
पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. ओटोकार फाइस्टमांटेल यांनी हे पान नोगेराथियाचे नाही असे ठरवून त्याला नोगेराथिऑप्सिस या नव्या प्रजातीत टाकले. नंतरच्या काही अभ्यासकांनी ते कॉर्डाइटीज या प्रजातीत नेले. पहिला शब्द बदलत गेला. ‘हिस्लॉपी’ हा दुसरा शब्द मात्र टिकून राहिला. वनस्पतींच्या नामकरणाचा नियमच तसा आहे : कुळ-गोत्र बदलले तरी आधी दिलेले विशेषनाम शक्यतो पुढे चालते. तज्ज्ञांची मते येऊन जातात, शोधणाऱ्याची आणि शोधस्थळाची नोंद राहते, याचे याहून नेटके उदाहरण शोधावे लागणार नाही.

९/
दुसरा टप्पा पृथ्वीच्या तळाशी आहे. फेब्रुवारी १९१२. दक्षिण ध्रुवावरून हताश होऊन परतणारी कॅप्टन स्कॉट यांची तुकडी बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याजवळ, माउंट बकलीपाशी थांबली. अन्न अपुरे होते, माणसे खंगली होती. तरीही डॉ. एडवर्ड विल्सन यांनी कड्यातून कोळसा आणि पानांचे ठसे असलेले दगड गोळा केले. विल्सन शिक्षणाने डॉक्टर आणि आवडीने प्राणिनिरीक्षक व चित्रकार; पुरावनस्पतिशास्त्र हा त्यांचा विषय नव्हे. त्यांनी ते दगड घसरगाडीवर चढवले आणि जागेची हकीकत रोजनिशीत लिहिली.

१०/
त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शोधपथकाला तंबू सापडला, तेव्हा तिघांच्या मृतदेहांजवळ सुमारे १६ किलो दगड होते. विल्सन यांना ती पाने बीच वृक्षाच्या पानांसारखी वाटली होती. हा तर्क चुकीचा होता. केंब्रिजचे ए. सी. स्यूअर्ड यांनी १९१४ मध्ये ती पाने ओळखली : ग्लॉसोप्टेरिस इंडिका. भारतीय नमुन्यांवरून ठरलेली जात अंटार्क्टिकात निघाली होती. पाने ओळखण्यात विल्सन चुकले, जागा सांगण्यात चुकले नाहीत, आणि विज्ञानाला त्यांच्याकडून हवी होती ती जागाच.

११/
मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून भूशास्त्रज्ञांनी ‘गोंडवाना’ हे नाव घेतले होते. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका कधीकाळी एकत्र होते, या कल्पनेला ग्लॉसोप्टेरिसच्या वाटणीने मोठा आधार दिला. पण हा आधार पानाच्या सौंदर्यात नव्हता. ‘हे पान अमुक अक्षांशावरच्या अमुक कड्यातून आले’ या वाक्यात तो होता. ते वाक्य नसते, तर तंबूतले दगड म्हणजे मरणाऱ्या माणसांनी का कोण जाणे वाहून आणलेले ओझे ठरले असते.

१२/
तरीही ग्लॉसोप्टेरिस नेचे की बीजधारी, हा प्रश्न उरलाच होता. पाने ढिगांनी मिळत होती, त्यांना लागलेले फळ कुणी पाहिले नव्हते. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एडना प्लमस्टेड यांनी पानांना जोडलेल्या जननांगांचे वर्णन प्रसिद्ध करून खळबळ उडवली. त्यांच्यापुढचे नमुने व्हेरीनिगिंग येथील ले रू या हौशी संग्राहकाने जमवलेले होते. एकाच स्थळावर वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जाऊन दगड फोडत राहणे, हे पगारी संशोधकाला क्वचितच जमते. गावातल्या माणसाला ते जमते.

१३/
पुढे अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियातील पेशीरचना शाबूत असलेल्या नमुन्यांवरून व्हर्टिब्रेरिया हे ग्लॉसोप्टेरिसचेच मूळ असल्याचे सिद्ध झाले. नेच्याचे नाव मिरवणारे पान बीजधारी वृक्षाचे ठरले. सव्वाशे वर्षे स्वतंत्र नांदलेली नावे एका झाडाखाली आली. हे कोडे कोणा एका प्रतिभावंताने सोडवलेले नाही. नागपूरचा मिशनरी, ध्रुवावरचा डॉक्टर, आफ्रिकेतला छंदिष्ट आणि प्रयोगशाळेतले तज्ज्ञ, अशा अनेकांनी ठेवलेल्या तुकड्यांची ती जुळणी आहे. तुकडे जुळले, कारण प्रत्येकावर त्याचे गाव लिहिलेले होते.

१४/
स्कॉटलंडमधील रायनी या खेड्याची कथाही अशीच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, व्यवसायाने डॉक्टर असलेल्या विल्यम मॅकी यांना तिथल्या शेतांत आणि दगडी कुंपणांत चकमकीसारखे दगड दिसले. त्यांचे पातळ छेद घेतल्यावर आत उभ्या वनस्पतींच्या पेशी दिसू लागल्या. वय सुमारे ४० कोटी वर्षे, म्हणजे जमिनीवर वनस्पती नुकत्याच स्थिरावत होत्या तो काळ. रॉबर्ट किडस्टन आणि विल्यम लँग यांनी १९१७ ते १९२१ या काळात पाच निबंधांत त्यांचे वर्णन केले. एका वनस्पतीचे नाव त्यांनी ठेवले ॲस्टेरोझायलॉन मॅकिई.

१५/
याच निबंधांत एका वनस्पतीला रायनिया मेजर म्हटले होते. १९८६ मध्ये डेव्हिड एडवर्ड्स यांनी दाखवले की, पाणी वाहणाऱ्या खऱ्या वाहिनी-पेशी तिच्यात नाहीत. म्हणून ती रायनिया नव्हे. तिला अॅग्लाओफायटॉन हे वेगळे नाव मिळाले. पासष्ट वर्षांनी झालेल्या या दुरुस्तीने किडस्टन-लँग यांची अप्रतिष्ठा झाली नाही. त्यांनी वर्णन केले, ते छेद जपले आणि स्थळ नोंदवले, म्हणूनच दुरुस्ती शक्य झाली. चूक उघडी पडू शकेल अशा रीतीने काम करणे, हीच या शास्त्रातली प्रामाणिकपणाची कसोटी.

१६/
आता पुन्हा मध्य भारतात. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान हे खेडे तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. भूशास्त्रज्ञ के. पी. रोडे यांनी १९३० च्या दशकात तिथले जीवाश्मस्थळ प्रकाशात आणले. बिरबल साहनी यांनी तिथल्या एका जल-नेच्याच्या बीजाणुकोशाला रोडाइटीज हे नाव देऊन शोधकाचे ऋण मान्य केले. तिथलेच एक फळ साहनींना असे बुचकळ्यात टाकणारे वाटले की, त्याचे नाव त्यांनी एनिग्मोकार्पॉन ठेवले. अर्थ सरळ आहे : कोड्यात टाकणारे फळ.

१७/
भारतातील सर्वश्रेष्ठ पुरावनस्पतिशास्त्रज्ञाने ‘हे कोडे आहे’ असे नावातच कबूल करावे, यात मोठा धडा आहे. पुढे नागपूरचे व्ही. बी. शुक्ल यांनी त्याच स्थळावरच्या एका फुलाचे वर्णन साहनीॲन्थस या नावाने केले, आणि फूल व फळ एकाच वनस्पतीचे असल्याचे अभ्यासकांनी पुढे मानले. आज ती वनस्पती लिथ्रेसी कुलात धरतात. मेंदी याच कुलातली, आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हणही याच कुलातले. लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या उसंतीत ताम्हणाचे दूरचे नातलग फुलत होते, हे कळायला एकाच गावाच्या मातीवर अनेकांनी लक्ष ठेवावे लागले.

१८/
हौशी शोधकाचे सर्वांत जवळचे भारतीय उदाहरण घुघवा येथील. तेव्हाच्या मंडला, आताच्या दिंडोरी जिल्ह्यात, शहापुराजवळच्या या परिसरातील अश्मीभूत वृक्ष १९७० च्या दशकात पुढे आणले ते धर्मेंद्र प्रसाद यांनी. ते जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी होते आणि जिल्हा पुरातत्त्व संघाचे मानद सचिव. आकडेमोड हा त्यांचा पेशा, वनस्पतिशास्त्र नव्हे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचे एम. बी. बांदे आणि इतरांनी पुढे तिथे अभ्यास केला. १९८३ मध्ये ते राष्ट्रीय जीवाश्म उद्यान जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २७ हेक्टर.

१९/
घुघवात ताडवर्गातील वृक्षांची खोडे विपुल आहेत. ती ओळखणे तुलनेने सोपे, कारण त्यांच्या आडव्या छेदात वाहिनीपुंज ठिपक्यांसारखे विखुरलेले असतात, वर्षवलये नसतात. पण १९८६ मध्ये बांदे, मेहरोत्रा आणि प्रकाश यांनी तिथल्या एका लाकडाला निलगिरीच्या प्रजातीत घालून त्याचे नाव युकॅलिप्टस धर्मेंद्री ठेवले. निलगिरी ही आज मुख्यतः ऑस्ट्रेलियाची. ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारतात होती, हा मोठा दावा होता, आणि उद्यानाच्या प्रसिद्धीत तो ठळकपणे मिरवू लागला.

२०/
येथे थोडे थांबून पाहावे. केवळ लाकडावरून प्रजातीपर्यंत पोचणे नेहमीच जोखमीचे असते, कारण वेगवेगळ्या कुलांतील लाकडे परस्परांसारखी दिसू शकतात. पाने, फुले आणि फळे अशा एकत्रित पुराव्यावर उभे असलेले निलगिरीचे जुने जीवाश्म अर्जेंटिनाच्या पॅटागोनियातले, सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तसा एकत्रित पुरावा मिळेपर्यंत घुघवाच्या लाकडाची निलगिरी हे एक मत म्हणूनच सांगायला हवे. उद्या ते मत बदलले, तरी ‘धर्मेंद्री’ हे विशेषनाम आणि घुघवाचे महत्त्व तसूभरही कमी होणार नाही.

२१/
चूक फक्त हौशी माणसे करतात, हा समज भीमबेटकाने पुसून टाकला. २०२१ मध्ये नामवंत भूशास्त्रज्ञांनी तिथल्या प्रसिद्ध गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा सापडल्याचे प्रतिष्ठित नियतकालिकात जाहीर केले. जगभर बातम्या झाल्या. दुसऱ्या गटाने जाऊन पाहिले, तर तो ‘जीवाश्म’ दगडावरून सुटू लागला होता. ते मधमाश्यांचे जुने, झिजलेले पोळे निघाले. २०२३ मध्ये हे खंडन प्रसिद्ध झाले आणि मूळ दावा करणाऱ्या गटाच्या प्रमुखांनीही चूक मान्य केली.

२२/
दोन वर्षांत चूक सुधारली, कारण जागा सर्वांना ठाऊक होती. कुणीही जाऊन पाहू शकत होते. याच्या उलट टोकाचे प्रकरण हिमालयाचे. ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मधून उघड केले की, हिमालयात सापडल्याचे सांगितलेले अनेक प्राणी-जीवाश्म प्रत्यक्षात मोरोक्को आणि न्यूयॉर्क राज्यातल्या नमुन्यांशी हुबेहूब जुळतात. तिथे प्राण्यांची ओळख चुकली नव्हती; नावे बरोबर होती, गाव खोटे होते. सुमारे २५ वर्षांच्या लेखनावर संशयाची छाया पडली. चुकलेल्या नावाने एक दगड बिघडतो, खोट्या गावाने एका पर्वतरांगेचा इतिहास बिघडतो.

२३/
महाराष्ट्रातल्या संग्राहकांपुढे आणखी एक फसवणूक उभी असते, आणि ती निसर्गानेच केलेली आहे. दख्खनच्या काळ्या दगडातील गारगोट्यांत, अकीकात आणि भेगांत झुडपांसारखी सुंदर नक्षी दिसते. ती वनस्पती नाही. मँगनीज आणि लोहाची संयुगे भेगांतून पसरताना अशी फांद्यांची आकृती तयार होते. तिला मध्यशीर नसते, पानाची कड नसते, फांदीची जाडी झाडाच्या नियमाने कमी होत नाही. लाव्हा स्वतः पाने जपत नाही. जपतो तो दोन लोटांमधला तळ्याचा गाळ. म्हणून थर पाहिल्याशिवाय पान पाहू नये.

२४/
खऱ्या पानात तज्ज्ञ काय पाहतात? आधी शिरांचे जाळे. ग्लॉसोप्टेरिसला स्पष्ट मध्यशीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा असतात. गँगॅमोप्टेरिस दिसते तसेच, पण मध्यशीर नसते. लाकूड असेल तर बाहेरचे रूप जवळजवळ निरुपयोगी. त्याचे तीन दिशांनी छेद घेऊन, काचेवर चिकटवून, केसाहून पातळ होईतो घासावे लागतात. या तंत्राचे महत्त्व १८३१ मध्ये पुस्तकरूपाने पटवून देणारा हेन्री विदॅम हादेखील जमीनदार हौशी अभ्यासकच होता. मोबाइलच्या छायाचित्रावरून लाकडाचे नाव सांगणारा माणूस अंदाज सांगतो, ओळख नव्हे.

२५/
मग संग्राहकाने करावे तरी काय? दगड उचलण्यापूर्वी त्याचे जागेवरच, शेजारी मोजपट्टी ठेवून, छायाचित्र घ्यावे. गाव, ओढा किंवा खाण, थराचा रंग, वरचा व खालचा खडक, तारीख आणि शोधणाऱ्याचे नाव कागदावर लिहून तो कागद दगडाबरोबरच ठेवावा. दगड थरात होता की सुटा पडलेला, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. फुटला तर दोन्ही बाजू जपाव्यात. नावाची जागा कोरी राहिली तरी चालते. राखीव वनात, उद्यानात किंवा संरक्षित स्थळी हात लावू नये, नोंद करून कळवावे.

२६/
येथे एक आक्षेप न्याय्य आहे. स्थळ जाहीर केले की दगड पळवणारे तिथे पोचतात. एका छायाचित्रामुळे एका पावसाळ्यात टेकडी ओरबाडली जाऊ शकते. भारतात जीवाश्मांसाठी स्वतंत्र कायदा नसताना ही भीती मोठीच होती. भू-वारशाच्या विधेयकाचा मसुदाच २०२२ मध्ये पुढे आला. पण याचे उत्तर नोंद न करणे हे नाही. स्थळ तंतोतंत लिहावे आणि ते विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा साहनी संस्थेला कळवावे. समाजमाध्यमावर तालुका सांगितला तरी पुरे. नोंद गुप्त असू शकते, हरवलेली असू नये.

२७/
दुसरी जबाबदारी संस्थांची. गावकऱ्याने पाठवलेल्या दगडाची पोच मिळावी, त्याचे नाव नोंदवहीत चढावे, निष्कर्ष त्याला त्याच्या भाषेत कळवावा. ‘हौशी’ हा शब्द मराठीत हळूहळू तुच्छतेचा झाला आहे. वरच्या इतिहासात तो मानाचा ठरतो. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वडधमला अश्मीभूत लाकडे आहेत, नागपूरभोवती दोन युगांचे थर आहेत. शहरे वाढत आहेत, खाणी खोल जात आहेत. प्रत्येक खोदकामावर तज्ज्ञ उभा राहू शकत नाही. तिथे आधी पोचतो तो मजूर, शेतकरी, शिक्षक, विद्यार्थी. त्याला दारातून परत पाठवणारी संस्था स्वतःचेच डोळे मिटून घेते.

२८/
१९४९ च्या एप्रिलमध्ये लखनौच्या संस्थेची कोनशिला बसवली गेली. त्या शिळेत साहनींनी देशोदेशीचे जीवाश्म जडवून घेतले होते. समारंभानंतर आठवड्याभरातच ते गेले. त्या शिळेतले दगडही कधीतरी कुणीतरी पायवाटेवर वाकून उचलले होते. हिस्लॉपी, मॅकिई, धर्मेंद्री ही नावे म्हणजे एका मिशनऱ्याची, एका डॉक्टरची आणि एका सांख्यिकी अधिकाऱ्याची आठवण. दगडातली वनस्पती ओळखणे हा त्यांच्यापैकी एकाचाही पेशा नव्हता. ती कुठे सापडली, हे प्रत्येकाला सांगता येत होते. नव्या संग्राहकाने त्यांच्याकडून तेवढे जरी घेतले, तरी पुढचे काम करणारे भेटतीलच.